साहेबांचा माणूस

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचं एप्रिल-मे महिन्यांतलं, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या दिवसांतलं, गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "मॅडम, राबायचं आम्ही आणि रेटिंग साहेबांच्या माणसाला." यंदा तिघांकडून ऐकलं, तेव्हा जुनी एक केस आठवली. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

चाळिशीतला माणूस, मोठ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. तक्रारी दोन. मोजमापाचं साधं गेज मागवायचं तरी पाच सह्या. आणि बढती मिळाली ती निफाडच्या सहकाऱ्याला, ज्याच्या घरच्या बागेतली द्राक्षाची पेटी दर हंगामात साहेबांकडे जाते आणि जो रविवारी त्यांच्याबरोबर मिसळीला असतो.

"साहेबांनी असं वागायलाच नको." मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले. 'असंच व्हायला हवं' हा हट्ट माणसाचा त्रास वाढवतो, असं ती सांगते; त्यामुळे हा 'च' मला लगेच टोचतो. तसं बोलूनही दाखवलं. त्याला पटलं नाही. आता वाटतं, घाई माझीच झाली. पक्षपात खरा होता; आधी तेवढं मान्य करायला हवं होतं.

पाचव्या भेटीत त्याने पिशवीतून डायरी काढली. "पुरावा आहे, मॅडम."

"वाचा."

"१२ तारीख, साहेबांच्या गाडीतून गेला. १९ तारीख, दोघं चहाला, चाळीस मिनिटं..."

"यात तुम्ही कुठे आहात?"

तो पानं उलटत राहिला. बराच वेळ. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"वर्षभरात तुम्ही काय केलंत?"

"एका लाइनचं रिजेक्शन निम्म्यावर आणलं."

"अप्रेझल फॉर्ममध्ये लिहिलंत?"

"त्या फॉर्मला कोण विचारतं! 'नेमून दिलेलं काम पूर्ण केलं' असं टाकलं."

बोलता बोलता तोच थांबला. डायरी मिटून मांडीवर ठेवली.

मलाही तेव्हाच उमगलं. ज्या कागदपत्रांना तो शिव्या घालत होता, ती वशिल्याच्या विरोधात त्याच्याच कामाची होती. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने नोकरशाहीचं लक्षण सांगितलं ते हेच: माणूस न पाहता नियम पाहणं. प्रत्यक्षात तसं नेहमी घडत नाही, पण लेखी नोंद असली की डावलणाऱ्याला निदान कारण शोधावं लागतं.

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, वर्षाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टं ईमेलवर पक्की करून घ्या. दर महिन्याला कामाची नोंद आकड्यांत ठेवा. वरच्यांशी बोलताना दुसऱ्याचं नाव काढू नका. 'मला पुढच्या पायरीसाठी काय कमी पडलं?' एवढंच विचारा. आणखी एक. अनेक कंपन्यांत कोणत्या रेटिंगमध्ये किती टक्के माणसं बसवायची हे आधीच ठरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली, पण ती सगळीकडून गेलेली नाही. तेव्हा कमी रेटिंगमागे दरवेळी द्राक्षंच असतील असं नाही. हे सगळं करूनही झोप उडत असेल, तर दुसरी नोकरी शोधण्यात पळपुटेपणा नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "मॅडम, रेटिंग तेच. पण कारण लेखी मागितलंय, एचआरने बैठक लावलीये."

"आणि निफाडची पेटी?"

"गेली असेल... यंदा लक्षच नव्हतं."