प्रिंटरची शाई हाताला आणि शर्टाला लागली, कशी काढू?

इंकजेट प्रिंटरमध्ये शाई भरताना ती बोटांवर आणि सुती शर्टावर सांडली, असं तुम्ही लिहिलंय. आधी शर्ट हातात घ्या. हातावरची शाई आपोआपही जाते, कपड्यावरची वाळली की हट्टी होते.

डाग चोळू मात्र अजिबात नका. चोळलं की शाई धाग्यात खोल जाते आणि डाग पसरतो. खाली जुन्या पांढऱ्या फडक्याची घडी ठेवा आणि वरून कोरड्या फडक्याने दाबून जेवढी टिपता येईल तेवढी शाई टिपा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ७० टक्क्यांचं चालतं. आधी शिवणीच्या आत थेंबभर लावून कापडाचा रंग जात नाही ना, ते बघा. कापसाचा बोळा त्यात भिजवून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. शाई खालच्या फडक्यात उतरताना दिसेल. तिथलं फडकं रंगलं की लगेच सरकवा, नाहीतर तीच शाई परत शर्टाला लागते. काम कंटाळवाणं आहे, पण डाग निघतो तो इथेच. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, ती लवकर सुटते. काळी मात्र बऱ्याच प्रिंटरांत पिगमेंटची असते. तिच्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात आणि ते धाग्यांत अडकून बसतात. त्यामुळे काळ्या डागाची फिकट सावली राहिली, तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी, ड्रायर, इस्त्री यातलं काही नको, उष्णतेने तो पक्का बसतो. रेशमी किंवा लोकरी कपडा असता तर मी सरळ ड्रायक्लीनला द्या म्हटलं असतं.

हातांना खोबरेल किंवा कुठलंही तेल चोळा, मग साबण आणि कोमट पाणी. नखांच्या कडांना मऊ ब्रश. ब्लीच किंवा थिनर कातडीला लावू नका. उरलेला रंग वरची मृत त्वचा झडते तसा काही दिवसांत जातो. शाई डोळ्यात गेली असेल तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जा.

लेझर प्रिंटरचा टोनर सांडला असेल तर हे सगळं विसरा. ती प्लास्टिकची भुकटी असते आणि उष्णतेने वितळून चिकटते. कपडा बाहेर नेऊन हलकेच झटका, कोरड्या फडक्याने उरलेली टिपा आणि मगच थंड पाण्यात घाला.