वाचकांचे प्रश्न : सिरॅक्यूजचा नारिंगी लॅक्रॉस संघ

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज विद्यापीठात शिकतो. सुटीत नागपूरला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी नारिंगी रंगाचा एक टी-शर्ट आणला. आपण संत्र्यांच्या गावचे, म्हणून मुद्दाम हा रंग निवडला असेल असे मला वाटले. पण तो विद्यापीठाच्या पुरुष लॅक्रॉस संघाचा रंग निघाला. हा संघ दहा वेळा राष्ट्रीय विजेता ठरला असे भाचा सांगतो, तर त्याच्याकडील एका जुन्या अंकात अकरा हा आकडा छापलेला आहे. खरे काय? आणि हा खेळ नेमका कसा असतो? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या भाच्याने सांगितलेला आकडा आज अधिकृत आहे आणि जुन्या अंकातील आकडाही छापला गेला तेव्हा चूक नव्हता. हे कसे, ते सांगण्याआधी खेळाची तोंडओळख करून देतो.

लॅक्रॉसमध्ये प्रत्येक खेळाडूच्या हातात टोकाला जाळीची झोळी असलेली काठी असते. त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, ती हलती ठेवत धावायचे, सहकाऱ्याकडे चेंडू फेकायचा आणि शेवटी ६ फूट रुंद व ६ फूट उंच अशा चौकोनी गोलजाळीत तो मारायचा, असा हा खेळ आहे. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असला तरी चांगलाच टणक असतो. पुरुषांच्या मैदानी प्रकारात दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह दहा-दहा खेळाडू असतात. अंगावर धडक देण्यास आणि काठीने प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर प्रहार करण्यास नियमांच्या मर्यादेत मुभा असल्यामुळे शिरस्त्राण व जाड हातमोजे सक्तीचे असतात. गोलजाळीच्या मागेही मैदान चालूच राहते आणि तेथूनही डाव रचता येतो, हे आपल्याकडील हॉकी-फुटबॉलच्या प्रेक्षकाला सर्वांत नवीन वाटते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील एका प्रश्नात तिचा संबंध येणार आहे.

विद्यापीठाने नारिंगी रंग १८९० मध्ये स्वीकारला. लॅक्रॉस संघ १९१६ मध्ये उभा राहिला आणि त्याचे संस्थापक लॉरी कॉक्स हे तेथील वनशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली संघाने १९२०, १९२२, १९२४ आणि १९२५ या वर्षी आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवले. त्या विजयी संघांतून खेळलेले रॉय सिमन्स १९३१ मध्ये प्रशिक्षक झाले आणि १९७० पर्यंत त्या जागेवर राहिले. त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव, ज्यांना धाकटे रॉय सिमन्स म्हणून ओळखतात, ते १९७१ ते १९९८ पर्यंत प्रशिक्षक होते. एकाच घरातील दोन माणसांनी जवळजवळ सात दशके एक संघ सांभाळावा, हे कोणत्याही खेळात क्वचित घडते. धाकटे सिमन्स मूळचे शिल्पकार होते. त्यांचा संघ आखीव चालींपेक्षा वेग आणि उत्स्फूर्तता यांवर अधिक विसंबून खेळत असे. त्यात मला तरी त्यांच्यातील कलावंत दिसतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने लॅक्रॉसची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा १९७१ मध्ये सुरू केली. पहिल्या बारा वर्षांत कॉर्नेल, व्हर्जिनिया, मेरीलँड, जॉन्स हॉपकिन्स आणि नॉर्थ कॅरोलायना या पाचच विद्यापीठांनी ती जिंकली होती. १९८३ च्या अंतिम सामन्यात सिरॅक्यूजची गाठ जॉन्स हॉपकिन्सशी पडली आणि सामन्याच्या उत्तरार्धात गुणफलक ५-१२ असा विरोधात गेला. तेथून नारिंगी संघाने १७-१६ असा विजय खेचून आणला. त्या वर्षापासून २००४ पर्यंत सलग २२ वर्षे हा संघ उपांत्य फेरीत खेळला. माझ्या मते हा पराक्रम जेतेपदांच्या संख्येपेक्षाही मोठा आहे, कारण महाविद्यालयात खेळाडू चार वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक वेळी संघ नव्याने बांधावा लागतो.

आता आकड्याकडे वळू. सिरॅक्यूजने १९८३, १९८८, १९८९, १९९३, १९९५, २०००, २००२, २००४, २००८ आणि २००९ अशी दहा जेतेपदे मिळवली. १९९० चा अंतिम सामनाही त्यांनी लोयोला विद्यापीठाविरुद्ध २१-९ असा जिंकला होता. मात्र प्रशिक्षकांच्या कुटुंबातील व्यक्तीने एका खेळाडूच्या मोटारीच्या कर्जाला हमी दिली होती आणि हौशी खेळाडूंच्या नियमांनुसार असे साहाय्य निषिद्ध असल्यामुळे एनसीएएने काही वर्षांनी ते जेतेपद नोंदीतून काढून टाकले. दुसऱ्या कोणत्याही संघाला ते देण्यात आले नाही. त्या वर्षाची जागा रिकामी आहे. जुन्या अंकातील अकरावे जेतेपद ते हेच.

प्रश्न : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. लॅक्रॉस हा अमेरिकेतील मूलनिवासींचा खेळ आहे असे वाचनात आले. मग विद्यापीठांच्या संघांत त्यांना कितपत स्थान मिळाले? — एक शिक्षक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी सिरॅक्यूजसारखे दुसरे उदाहरण नाही, कारण हे विद्यापीठ ओनोंडागा लोकांच्या पूर्वापार भूमीवर उभे आहे आणि त्यांची आजची वसाहत शहराच्या दक्षिणेला अगदी जवळ आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ स्वतःला हौडेनोशोनी म्हणवतो. बाहेरच्यांनी त्यांना इरोक्वाय हे नाव दिले. या सहांमध्ये ओनोंडागा मध्यवर्ती मानले जातात आणि महासंघाची सभा त्यांच्याकडे भरते. लॅक्रॉस हा त्यांच्या श्रद्धेनुसार निर्मात्याने दिलेला खेळ आहे. आजाऱ्याला बरे वाटावे, समाजाचे मन शांत व्हावे, म्हणूनही तो खेळला जातो. हिकरी वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून घडवलेली काठी त्यांच्याकडे बाळाच्या पाळण्यात ठेवतात आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर देतात.

हा खेळ गोऱ्यांनी उचलला, माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६० च्या दशकात त्याचे लेखी नियम केले आणि १८८० मध्ये कॅनडातील हौशी संघटनेने मूलनिवासींनाच स्पर्धेतून बाद केले. प्रवासखर्चासाठी पैसे घेऊन खेळणारे ते व्यावसायिक, असे कारण देण्यात आले. ज्यांचा खेळ त्यांनाच मैदानाबाहेर काढण्याचा हा निर्णय वाचताना आजही वाईट वाटते.

सिरॅक्यूजमध्ये चित्र पूर्ण उजळ होते असे नाही. १९३१ मध्ये तेथील एका विद्यार्थी नियतकालिकाने आवारात सोळाव्या शतकातील ओनोंडागा सरदाराचे अवशेष सापडल्याची खोटी बातमी छापली आणि त्या बनावट कथेतून पिसांचा टोप घातलेला ‘सॉल्टाइन वॉरियर’ हा विद्यापीठाचा बोधपुरुष, म्हणजे सामन्यांत नाचणारा शुभंकर (मॅस्कॉट), तयार झाला. खरे ओनोंडागा काही मैलांवर राहत असताना त्यांचे सोंग मैदानावर नाचवले जात होते. मूलनिवासी विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतल्यावर १९७८ मध्ये ते बंद झाले. गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या शहरात राहणाऱ्या आपल्या वाचकांना या प्रसंगातील अपमान समजावून सांगण्याची गरज नाही.

लॅक्रॉस संघात मात्र ओनोंडागा खेळाडू त्या सोंगाच्या काळातही खेळत होते आणि आदराने खेळत होते. १९५७ चा संघ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गोलरक्षक होते ओरेन लायन्स, जे पुढे ओनोंडागांचे श्रद्धारक्षक, म्हणजे त्यांच्या धर्मपरंपरा जपणारे, झाले आणि मूलनिवासींच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत गेले. मधल्या फळीत होते जिम ब्राउन, जे नंतर अमेरिकन फुटबॉलमधील सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडूंत गणले गेले. लॅक्रॉसमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू अगदी विरळ असण्याचा तो काळ होता. याच संघात धाकटे सिमन्सही खेळत होते आणि प्रशिक्षक त्यांचे वडील होते. त्या हंगामातील दहाही सामने त्यांनी जिंकले. ब्राउन काठी छातीशी घट्ट धरून बचावफळी फोडत जात, त्यामुळे त्यांच्याकडून चेंडू काढून घेणे प्रतिस्पर्ध्यांना अशक्यप्राय होई आणि त्याच कारणाने काठी हलती ठेवण्याचा नियम आला, असे लॅक्रॉसच्या वर्तुळात सांगितले जाते.

धाकटे सिमन्स प्रशिक्षक झाल्यावर ओनोंडागांशी असलेले हे नाते तुटले नाही. फ्रीमन बकटूथ त्यांच्या संघातून खेळले आणि त्यांचा मुलगा ब्रेट २००४ च्या विजयी संघात होता. ओरेन लायन्स यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये हौडेनोशोनींचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ उभा केला. सिरॅक्यूजने पहिले एनसीएए जेतेपद मिळवले तेही याच वर्षी. हा राष्ट्रीय संघ १९९० मध्ये प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला. २०१० मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला तो जाऊ शकला नाही, कारण हौडेनोशोनींचे स्वतःचे पारपत्र ब्रिटनने ग्राह्य धरले नाही आणि खेळाडूंनी दुसऱ्या देशाच्या पारपत्रावर जाण्यास नकार दिला. विद्यापीठाने २००६ पासून हौडेनोशोनी विद्यार्थ्यांसाठी पूर्ण शिष्यवृत्ती सुरू केली, ही अलीकडच्या काळातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

मैदानावरचा एकच क्षण सांगायचा तर तो २००९ च्या अंतिम सामन्यातील आहे. सिरॅक्यूज कॉर्नेलपेक्षा मागे होते. निर्धारित वेळ संपायला अवघे ४ सेकंद उरले असताना केनी निम्स यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत कोडी जेमीसन यांनी विजयी गोल करून सामना १०-९ असा संपवला. जेमीसन हे मोहॉक, कॅनडातील सिक्स नेशन्स वसाहतीतील. या संघाचे आजवरचे शेवटचे राष्ट्रीय जेतेपद अशा रीतीने एका हौडेनोशोनी खेळाडूच्या काठीतून आले.

प्रश्न : सिरॅक्यूजचा एक खेळाडू गोलजाळीच्या मागून उडी मारून वरून चेंडू आत टाकतो, अशी जुनी चित्रफीत पाहिली. असा गोल नियमात बसतो का? — एक विद्यार्थिनी, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : ती चित्रफीत १९८८ च्या उपांत्य सामन्याची आहे आणि खेळाडू आहे गॅरी गेट. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाहून आलेले गॅरी आणि पॉल हे जुळे भाऊ बंदिस्त सभागृहातील लॅक्रॉसवर वाढले होते. तेथील गोलजाळी लहान आणि जागा अडचणीची असल्यामुळे त्यांचे हात विलक्षण सफाईदार झाले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध गॅरीने मागून धावत येऊन झेप घेतली, हवेतच काठी आडव्या दांड्यावरून पुढे नेली आणि चेंडू आत सोडला. त्याच सामन्यात त्याने हे दोनदा केले. गोलजाळीभोवती आखलेल्या वर्तुळात आक्रमक खेळाडूने पाय ठेवू नये असा नियम होता, पण हवेतून जाण्याबद्दल तो स्पष्ट नव्हता, म्हणून दोन्ही गोल ग्राह्य ठरले. गोलरक्षकाला इजा होण्याची भीती असल्यामुळे नंतर नियम बदलून ही उडी बंद करण्यात आली. तो सामना सिरॅक्यूजने ११-१० असा जिंकला आणि निर्णायक गोल दुसऱ्या भावाने, पॉलने, अखेरच्या सेकंदांत केला.

गॅरीचा २२ हा क्रमांक पुढे संघातील मानाचा क्रमांक झाला आणि केसी, रायन व मायकेल या तिघा पॉवेल भावांनी तो एकामागून एक धारण केला. गॅरी गेट यांनी प्रथम याच विद्यापीठाच्या महिला संघाला प्रशिक्षण दिले आणि २०२२ च्या हंगामापासून त्यांनी पुरुष संघाची सूत्रे जॉन डेस्को यांच्याकडून स्वीकारली.

प्रश्न : हा खेळ ऑलिंपिकमध्ये पाहायला मिळेल का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मिळेल. लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ मध्ये ऑलिंपिकमध्ये होता आणि दोन्ही वेळा कॅनडाने सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर तो केवळ प्रात्यक्षिकापुरता राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेटचा समावेश झाल्याची बातमी आपल्या सर्व वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. त्याच ठरावात लॅक्रॉसही होता. तेथे प्रत्येकी सहा खेळाडूंचा, लहान मैदानावरचा वेगवान प्रकार खेळला जाईल. हौडेनोशोनींची स्वतःची मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही आणि अशा समितीमार्फतच संघ पाठवता येतो, त्यामुळे त्यांच्या प्रवेशाची वाट बिकट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी त्यांना स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्यावे, अशी जाहीर भूमिका घेतली होती.