पाच जुन्या हार्ड डिस्क एका नवीन डिस्कवर रिकाम्या कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच एक्स्टर्नल हार्ड डिस्क साठल्या आहेत, ३२० जीबीपासून २ टीबीपर्यंत, सगळ्यात जुनी २००९ ची. त्याच त्या फोटोंच्या तीन-चार कॉप्या आहेत, एक डिस्क लावली की टकटक करते, आणि आता तुम्ही ४ टीबीची नवीन आणली आहे. सगळं तिच्यावर घ्यायचं, डुप्लिकेट उडवायचे, जुन्या फॉरमॅट करून विकायच्या असा बेत आहे आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंय.

सुरुवात बेत बदलण्यापासून करा. आज तुम्हाला जो पसारा वाटतोय तोच तुमचा बॅकअप आहे. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो चार ठिकाणी सापडतात याचा वैताग येतो, कबूल. पण त्यातल्या तीन डिस्क उद्या बसल्या तरी फोटो राहतात. तुमचा बेत तडीस गेला की तेच फोटो जगात एकाच ठिकाणी उरतील, आणि ते ठिकाण म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत फिरणारी एक चकती.

हे मी करून बसलोय. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आणि त्यालाच जोडून डीटीपीचं काम आहे. २०१३ साली तीन डिस्क एका २ टीबीवर रिकाम्या केल्या, टेबल स्वच्छ झालं म्हणून खूश झालो, आणि मोकळ्या झालेल्या तिन्ही फॉरमॅट करून लग्नसराईच्या कामाला लावल्या. दोनच महिन्यांत आमच्या पोराचा पाय वायरीत अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून फरशीवर. अडीच फूट, बस. रिकव्हरीवाल्याने उघडून पाहिली आणि चकतीवर चरे पडलेत म्हणून परत दिली. गिऱ्हाइकांचे अल्बम आधीच त्यांच्या घरी गेले होते म्हणून शिव्या वाचल्या. गेलं ते घरचं, मुलीच्या बारशाचं शूटिंग. त्याची मिनी डीव्ही कॅसेट बायकोने शोकेसमध्ये बाहुल्यांच्या मागे ठेवून दिली होती, तिच्यातून निम्मंअर्धं परत मिळालं.

तेव्हा हात लावण्याआधी आणखी एक ४ टीबीची डिस्क घ्या, शक्यतो दुसऱ्या कंपनीची. खर्च वाढतो हे मला कळतं, पण दुसरी येईपर्यंत जुन्यांवरचं काहीही पुसू नका. फोटोग्राफर लोकांत ३-२-१ म्हणतात तो नियम हाच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला. दोन प्रकारांवरून मी फार ताणत नाही. तीन आणि एक हे आकडे मात्र सोडू नका.

आता प्रत्यक्ष काम. मार्करने पाचही डिस्कांवर १ ते ५ आकडे घाला आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन एकेकीची तब्येत पाहा. त्यात खंडीभर ओळी दिसतील, तुमच्या कामाच्या तीनच: रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर, म्हणजे चकतीवरच्या बिघडलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांची मोजदाद. तिघांसमोर शून्य असेल तर ठीक. पेंडिंगचा आकडा आज ८ आणि उद्या ४० दिसला, तर ती डिस्क रांगेत पहिली. काही डिस्कांची बाहेरची डबी (केसिंग) ही माहिती बाहेर येऊच देत नाही, तिथे कानावर भरवसा ठेवायचा.

तुमची टकटक करणारी तर पहिली घ्याच, पण तिच्यावर सगळ्याची कॉपी लावून झोपायला जाऊ नका. आधी फक्त जे दुसरीकडे कुठेच नाही ते फोल्डर उचला. अडखळली तर बंद करा, उगाच परत परत लावून बघू नका. हेड, म्हणजे चकती वाचणारा भाग, खराब झालेलं असेल तर प्रत्येक फेरीला नुकसान वाढतं. वाचतेय पण मधेच एरर देतेय अशी अवस्था असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं आणि अवघड जागी नंतर परत येतं. सांगणारा कुणीतरी भेटतोच की डिस्क पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. कृपा करून नको. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढली की आत पाणी सुटतं. आणि त्या डिस्कवर नुसते सिनेमे असतील तर तिच्या नादालाच लागू नका.

नवीन डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइली मांडायच्या कुठल्या पद्धतीत आहे तेही बघून घ्या. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू लिखाणाची नोंदवही, नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता वायर निघाली तर गोंधळ व्हायची शक्यता जास्त. म्हणून सेफली रिमूव्ह केल्याशिवाय ओढायची नाही. जुनी ३२० जीबीची फॅट३२ वर असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नव्हती. लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे पडलेले दिसतील ते त्यामुळे. ते तुकडे डुप्लिकेट समजून उडवू नका, सलग भाग असतात ते.

कॉपी करताना वर्गवारीच्या मोहात पडू नका. नवीन डिस्कवर ‘डिस्क १’, ‘डिस्क २’ असे पाच फोल्डर करा आणि जुनीवर जसं आहे तसं, ‘न्यू फोल्डर (३)’ सकट, त्यात ओता. कट-पेस्ट कधीच नाही, कायम कॉपी. साधं कॉपी-पेस्ट मोठ्या ढिगाला पुरत नाही: मधे एका खराब फाइलवर खिडकी उघडून वाट बघत बसतं आणि झालेली कॉपी मूळ फाइलशी ताडून पाहत नाही. टेराकॉपी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफायची (ताडून पाहायची) खूण करता येते, तेवढं तुम्हाला पुरे. कमांड लिहायची तयारी असेल तर विंडोजमध्येच रोबोकॉपी आहे. फक्त त्याची एक खोड आहे. फाइल वाचता आली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळी मधे ३० सेकंद थांबतं! मी एकदा रात्री लावून सकाळी पाहिलं तर त्याच फाइलवर अडून बसलेलं. म्हणून कमांडच्या पुढे लिहायचे आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मधे किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही स्विच १ वर आणायचे. आणि एमआयआर या स्विचच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. तो दोन्हीकडचं सारखं करतो, म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते दुसरीकडून पुसून टाकतो.

वेळेचा हिशेब आधीच करा, नाहीतर अर्ध्यात कंटाळाल. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास. जुनी यूएसबी २ वाली डिस्क असेल तर ३०-३५ च्या पुढे जात नाही, मग तेवढ्यालाच आठ-नऊ तास. व्हॉट्सॲपच्या हजारो बारीक फाइलींना त्याहून जास्त. शिवाय हल्लीच्या छोट्या आकाराच्या बऱ्याच डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात, त्यांचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले. सुरुवातीला भरभर लिहितात आणि पन्नास-शंभर जीबीनंतर एकदम मान टाकतात. डिस्क खराब निघाली म्हणून घाबरू नका, तिला मधे तासभर निवांत सोडा. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, आणि लाइट जायचा वार असेल तर त्या दिवशी लावूच नका.

पाचही फोल्डर भरले की हा सगळा ढीग दुसऱ्या ४ टीबीवर जसाच्या तसा उतरवा आणि मगच डुप्लिकेटकडे वळा. चकावका नावाचं फुकट टूल आहे, ते फाइलीचं नाव न बघता आतला मजकूर ताडून बघतं. नावावर अजिबात जाऊ नका. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर परत ०००१ वर येतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन संपूर्ण वेगळे फोटो तुमच्याकडे नक्की असतील. विंडोज ‘रिप्लेस करू का’ विचारेल तेव्हा ‘दोन्ही ठेवा’ म्हणायचं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ फोटोची बारीक केलेली आवृत्ती असतो, तो टूलला डुप्लिकेट वाटत नाही आणि त्यातली फोटो काढल्याची तारीखही गेलेली असते. तारीख हवी तर नावात बघा, आयएमजी-२०१९०८१२-डब्ल्यूए०००३ म्हणजे १२ ऑगस्ट २०१९ ला तुमच्या फोनवर आलेला. विंडोजच्या एक्सप्लोररमधल्या ‘क्रिएटेड’ तारखेवर विसंबू नका, कॉपी केली की ती आजची होते.

फोल्डरची नावं मी वर्ष-महिना-दिवस आणि पुढे प्रसंग अशी ठेवतो, ‘२०१४-०५-१८ बारसं’ अशी. आकडे मात्र इंग्रजी कळांचे, म्हणजे रांग बिघडत नाही. मराठी नाव द्यायला हरकत नाही, पण त्यात एक गंमत आहे. एकदा माझ्या डिस्कवर ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज राहू देत नाही, मग हे कसे? एक मी टाइप केलेला, एक कामावरच्या मुलाने. त्याच्या कीबोर्डवर ‘ऱ्या’ उमटतो तो नुक्ता असलेल्या ऱ पासून, माझ्यावर साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तेच, संगणकाला वेगळं. आता फोल्डरच्या नावात ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ टाळतो. तऱ्हा असते एकेकाची.

तुमच्याकडे जुनं मराठी टायपिंगचं काम असेल, लग्नपत्रिका किंवा मंडळाची स्मरणिका, तर श्रीलिपीसारखे जे फॉन्ट वापरले असतील तेही त्याच फोल्डरमध्ये टाकून ठेवा. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा आकडा मिळाला त्याच्या, आधीच्या फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही भुताची भाषा दिसते. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींची पीडीएफ करून घ्या. कारण त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे.

आता घराबाहेरची प्रत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा माझ्याकडे शिकल्यासारख्या दोन प्रती होत्या, आणि दोन्ही एकाच कपाटात. आदल्या संध्याकाळी कपाटातलं सामान वरच्या मजल्यावर चढवलं म्हणून वाचल्या, यात माझी अक्कल काही नव्हती. त्यानंतर एक डिस्क मेहुण्याकडे कोल्हापूरला ठेवावी असं ठरत होतं, तर लक्षात आलं की त्याच आठवड्यात तिकडे पंचगंगाही घरात आली होती आणि तिचं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं. आता ती बहिणीकडे सोलापूरला असते. राखीला बहीण इकडे येते तेव्हा तिच्याकडची जुनी घेऊन येते आणि ताजी घेऊन जाते, भाऊबीजेला मी जातो तेव्हा परत अदलाबदल, आणि मे महिन्यात भाचे आले की आणखी एकदा. बहिणीला त्यात काय आहे ठाऊक नाही, साड्यांच्या कपाटात ठेवते.

क्लाउडला माझा विरोध नाही, पण ३ टीबी चढवायला घरच्या नेटला किती आठवडे लागतील ते बघा. निवडक ५०-१०० जीबी चढवा. गूगल फोटोजवर सगळं आहे असं म्हणत असाल तर एक तपासा: १ जून २०२१ च्या आधी फुकटात अमर्याद चढत होतं ते आकसलेल्या दर्जाचं, मूळ फाइल नव्हे.

घरातल्या दोन डिस्क एकसारख्या ठेवायला मी फ्रीफाइलसिंक वापरतो, महिन्यातून एकदा. बटण दाबण्याआधी काय पुसलं जाणार त्याची यादी ते दाखवतं. ती यादी वाचायची, कारण इकडे चुकून उडालेलं तिकडूनही इमानेइतबारे उडवलं जातं. काम झालं की बॅकअपची डिस्क काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेल्या डिस्कला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, संगणकाबरोबरच कुलूप घालतं.

राहिला जुन्या विकायचा प्रश्न. नवीन दोन्हींवर सगळं उतरलंय, वेगवेगळ्या वर्षांतल्या शंभरेक फाइली उघडून पाहिल्यात आणि सहा महिने गेलेत, तर खुशाल काढा. क्विक फॉरमॅट करून देऊ नका, त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर आतच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतो. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावलं की विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं, वेळ लागतो तेवढा लागू दे. खरं सांगायचं तर ३२० जीबीला आज कुणी चहाचे पैसेसुद्धा देणार नाही. जुन्यांत १ टीबीची एखादी ठीक असेल तर तिच्यावर फक्त फोटो भरा आणि हीच तुमची घराबाहेरची डिस्क करा, तिसरी विकत घ्यायला नको. टकटक करणारी कुणाच्या गळ्यात मारू नका; स्क्रू काढत जा, आतल्या चकत्या निघतात. आमच्याकडच्या पेरूच्या झाडाला दोन टांगल्यात, पोपट हल्ली फिरकत नाहीत.