डोंगरी बांबू: थंडी सोसतो, मग उन्हाळ्यात का करपतो?

प्रश्न: बेटाने वाढणारा फर्गेसिया निटिडा हा डोंगरी बांबू लावला आहे. तो उणे २० अंशांतही तगतो असे वाचले होते. हिवाळा निभावला, पण उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या आणि नवे कोंब हातभर होऊन काळे पडले. पाणी रोज देतो. काय चुकते?

उत्तर: जात निवडताना सगळे हिवाळ्याचा आकडा बघतात, उन्हाळ्यातल्या रात्री किती तापतात हे कोणी बघत नाही. चीनचे डोंगर, हिमालय आणि अँडीज इथल्या या बांबूंना गार रात्रींची सवय असते. रात्र जितकी उष्ण, तितकी श्वसनात साखर जास्त जळते. दिवसाची कमाई रात्रीतच संपली की कंदात साठा उरत नाही, आणि पुढच्या वर्षीचे कोंब बारीक येतात किंवा मध्येच जिरतात.

शिवाय याची बहुतेक मुळे वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच असतात. माती तापली की तीच आधी होरपळतात, आणि तापलेल्या मातीत पाणी साचले तर कुजतात. म्हणून रोज थोडे शिंपडण्यापेक्षा १० सेंटिमीटर खोल उकरून बघा. तिथली माती कोरडी होऊ लागली तरच भरपूर पाणी द्या. जमीन चिकण असेल तर रोप १५ ते २० सेंटिमीटर उंचवट्यावर लावा. सकाळचे ऊन चालते, दुपारी सावली हवीच. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे ८ ते १० सेंटिमीटर आच्छादन ठेवा, गळलेली पाने झाडून नेऊ नका. ऐन उन्हाळ्यात नत्रखत टाळा.

निटिडाची पाने दुपारी सुरळीसारखी गुंडाळतात; संध्याकाळी उलगडली तर काळजी नको. पहाटेही गुंडाळलेलीच असतील तर झाड तहानलेले आहे, किंवा मुळे कुजली आहेत.

दमट उकाड्यात फर्गेसियाच्या निटिडा आणि म्युरिएली या जातींपेक्षा रोबुस्टा आणि रुफा या जाती बऱ्या टिकतात. रात्रीही उकाडा हटत नसेल, तर आमच्या मते डोंगरी बांबूचा हट्ट सोडून बांबुसा मल्टिप्लेक्स लावावा. तोही बेटानेच वाढतो, मात्र कडक थंडी सोसत नाही.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात कुंडीत ठेवता येईल का?

उत्तर: येईल, पण कुंडीत गारठा चहूबाजूंनी मुळांपर्यंत पोहोचतो. जमिनीत जात जितकी थंडी सोसते, त्यापेक्षा ८ ते १० अंश कमी थंडीच ती कुंडीत सोसेल असे धरा. बोरिंडा हा डोंगरी बांबू जमिनीतही साधारण उणे १० पर्यंतच तगतो, त्यामुळे तो कुंडीत बाहेर ठेवू नका. थंडीपेक्षा कोरडा वारा घातक: माती गोठलेली, पाणी वर चढत नाही आणि पाने वाळत राहतात. माती गोठण्याआधी भरपूर पाणी द्या, कुंडीला गोणपाट गुंडाळा, वाऱ्याच्या आडोशाला हलवा. पाने गळली म्हणून वासे लगेच छाटू नका. पेरावरचे डोळे हिरवे असतील तर वसंतात पालवी फुटते.

प्रश्न: बेट फुलोऱ्यावर आले आहे. कंद फोडून वेगळे लावले तर वाचेल का?

उत्तर: बहुधा नाही. तुकड्यांचे वय मूळ बेटाइतकेच असते, तेही फुलतात आणि वाळतात. फर्गेसिया म्युरिएली हा बांबू वनस्पती-संग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी १९०७ मध्ये चीनमध्ये गोळा केला. त्यापासून वाढवलेली बेटे १९९० च्या दशकात अनेक देशांत एकदमच फुलली आणि वाळली. बी धरले तर ते ताजे असतानाच पेरा. नवे रोप घेताना ते अलीकडच्या फुलोऱ्यातल्या बियांपासून केले आहे का, हे विचारून घ्या.