दोष नसलेली तांब्याची नॅनोतार एवढी मजबूत कशी?

कलिन्याच्या एम.एस्सी.वाल्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: पाच नॅनोमीटर जाडीची, एकही दोष नसलेली तांब्याची तार लॅम्प्समध्ये (अणूंची हालचाल संगणकावर चालवून बघायचा प्रोग्राम) ताणली, ती साडेचार गिगापास्कलला (म्हणजे साडेचार हजार मेगापास्कलला) यील्ड झाली, म्हणजे तिचा आकार कायमचा बदलू लागला. पुस्तकात मऊ तांब्याचा आकडा १०० मेगापास्कलच्याही आत आहे. मग इनपुट फाइल चुकली का?

अरे, आकड्याला घाबरू नकोस, त्याचा पल्ला बरोबर आहे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलने १९२६ मध्येच हिशेब मांडला होता: अणूंचा अख्खा थर एकदम सरकवायचा, तर शिअर मॉड्युलस (अशा सरकवण्याला पदार्थ किती विरोध करतो तो आकडा) भागिले २π एवढा स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागे जोर, लागेल. तांब्यासाठी तो साडेसात गिगापास्कलच्या आसपास येतो. सूत्र ढोबळ आहे, नेमक्या हिशेबात आकडा बराच खाली येतो; शिवाय तो शिअरचा आहे आणि तुझा ताणाचा, म्हणून आधी तुझा स्ट्रेस घसरप्रतलावर (ज्या तिरक्या प्रतलावर अणूंचे थर सरकतात त्यावर) काढ, मगच तुलना कर. नेहमीचं तांबं शेकडो पट कमी ताणात वाकतं, कारण त्यात डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, आधीपासून असतात आणि त्यांच्यामुळे थर एकदम न सरकता थोडा थोडा सरकतो. तुझ्या तारेत ती नाहीतच, आधी जन्मावी लागतात. संशोधक ब्रेनरने १९५६ मध्ये लोखंड, तांबं, चांदीचे केसाहून बारीक व्हिस्कर (जवळपास निर्दोष स्फटिकतंतू) ओढून पाहिले, त्यातले सर्वांत मजबूत कित्येक गिगापास्कलपर्यंत टिकले.

ती कुठे जन्मतात ते डोळ्यांनी बघ. ओव्हिटोत (अणू चित्ररूपात दाखवणारा प्रोग्राम) कॉमन नेबर अ‍ॅनालिसिस लाव, ते शेजाऱ्यांवरून प्रत्येक अणूची रचना ओळखतं; मग एफसीसी, म्हणजे तांब्याच्या नेहमीच्या रचनेतले, अणू लपव. यील्डच्या आधी फक्त पृष्ठभागाची पोकळ नळी दिसेल. मग चौकोनी तारेच्या एखाद्या कडेवरून लाल अणूंचा दोन थरी पट्टा तिरका आत घुसेल. तो स्टॅकिंग फॉल्ट, म्हणजे थरांचा क्रम चुकलेली जागा; डिसलोकेशन आत सरकताना ती मागे सोडतं. तो आत शिरतो तिथेच तुझा स्ट्रेसचा आलेख धाडकन पडतो. म्हणजे तू मोजतोयस ते कडेचं बळ. तार गोल केलीस तर आकडा बदलेल.

आता खऱ्या अडचणी. स्ट्रेस काढताना लॅम्प्स पूर्ण बॉक्सच्या घनफळाने भागतो, भोवतालच्या पोकळीसकट. तारेचंच घनफळ घेतलंस ना? ताणण्याआधी तारेला लांबीच्या दिशेने मोकळं सोड. पृष्ठभाग तिला आकसवतो, नाहीतर आलेख शून्यावरून सुरूच होणार नाही.

सर्वांत मोठी गोष्ट वेगाची. सेकंदाला १०⁹ या स्ट्रेन रेटने (ताणण्याच्या वेगाने) १० टक्के ताणायला १ फेम्टोसेकंदाच्या एक लाख पायऱ्या पुरतात. प्रयोगशाळेतल्या १०⁻³ रेटने १०¹⁷ लागतील, ते कुठल्याच मशीनवर होणार नाही. डिसलोकेशन जन्मायला उष्णतेची मदत होते आणि तू तिला वेळच देत नाहीस, म्हणून तुझा आकडा प्रयोगापेक्षा वर राहणार. प्रबंधात हे स्पष्ट लिही, तापमान आणि रेट आकड्याशेजारीच दे. अणूंच्या सुरुवातीच्या वेगांचा सीड (ते वेग कसेही वाटून देणारा सुरुवातीचा आकडा) बदलून तोच रन पुन्हा पुन्हा चालव. यील्ड दर वेळी थोडा हलेल, म्हणून एकच आकडा न छापता सगळा विखुरलेपणा दाखव. मार्गदर्शकांनाही तोच आलेख आधी दाखव.