गंजलेला नांगर टिपताना
पडीक शेतावर थेट कॅमेरा घेऊन घुसू नकोस. मालक मुंबईला असला तरी भाऊबंद गावात असतात. त्यांच्याकडे चहा घेतलास, तर तेच झुडपात पडलेला उसाचा चरक दाखवतील.

भरदुपारी गंजाचा पोत दिसतच नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात जा. पाऊस पडून गेला की गंज गेरूसारखा खुलतो. ओल्या लोखंडाची चकाकी कमी करायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लाव. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर आणला, तसला जुना नांगर सापडला तर ओतीव अक्षरं शोध. तो हलवून, पुसून 'सजवू' मात्र नकोस. गवतात रुतलेलाच बरा दिसतो.

आणि बिनकठड्याच्या विहिरीपाशी मागे सरकत फ्रेम लावायची नाही. मी एकदा थोडक्यात वाचलोय.