पोर बोलेना, अजून वाट बघू का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. माझा मुलगा 22 महिन्यांचा हाय, चांगला खेळूलालाय, पळूलालाय, पण बोलेना. आई पण म्हणत नाही. काय पाहिजे असलं की माझा हात धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला, बोलेल की. आमच्यात मराठी, शेजारी सगळं कन्नड, त्यामुळं लोक म्हणतात पोर दोन भाषांत गोंधळलंय, घरी एकच भाषा बोला. मी काय करू? वाट बघू का?
– एक आई

उत्तर : ताई, वाट बघू नका. हे पहिल्यांदाच सांगते, कारण ह्या सदराला येणाऱ्या निम्म्या पत्रांत ‘ह्याचा बाप पण उशिरा बोलला’ हे वाक्य असतंच, आणि काही पोरं खरंच उशिरा बोलून पुढं एकदम नीट होतात. पण तुमचं पोर त्यातलं की दुसऱ्यातलं हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही, आणि पहिल्या तीन वर्षांत मेंदू ज्या वेगानं शिकतो तो वेग पुढं राहत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर नुकसान काय, एक दिवसाची मजुरी आणि बसचं तिकीट.

वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ सारखे दोन शब्द जोडून नाहीत, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात बंद झाले, तर दाखवायचं. तुमच्याकडं एक शब्दही नाही आणि बोट दाखवण्याऐवजी हात ओढून नेणं आहे, म्हणजे दोन गोष्टी झाल्या.

सगळ्यात आधी कान. ‘दार आपटलं की वळून बघतो, ऐकायला येतंय की’ असं सगळेच म्हणतात, पण दार आपटल्याचा आवाज जाडा असतो आणि स, श, फ हे आवाज बारीक असतात, काही पोरांना जाडा आवाज येतो आणि बारीक येत नाही, मग त्याला आपलं बोलणं अर्धंमुर्धंच पोचतं. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं तरी असंच होतं, आणि ते तर उपचारानं बरं होणारं. ओएई नावाची टेस्ट काही मिनिटांत होते, बेरा टेस्ट पोर झोपल्यावर डोक्याला वायरी चिकटवून करतात, दोन्हीत दुखत काही नाही. खरं तर बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत कान तपासून व्हायला हवेत, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन किंवा थेरपी सुरू, जगभर हाच हिशोब धरतात. आपल्याकडं पोर दोन वर्षांचं झालं की आठवण येते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आता भाषेचं. दोन भाषांमुळं बोलणं लांबत नाही, हे अगदी पक्कं. बेळगावात, निपाणीत, खानापुरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं मराठी, कन्नड, कुठं उर्दू, कुठं कोकणी एकत्रच शिकत आलीत. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले धरायचे, पाण्याला ‘नीरू’ म्हणाला तरी तो शब्दच. त्यामुळं घरातलं मराठी बंद करू नका, कन्नड शेजाऱ्यांकडं जाऊ नको असंही म्हणू नका. तुम्हाला जी भाषा पोटातून येते तीच बोला, कारण मोडक्यातोडक्या भाषेत आई कमी बोलते आणि पोराला कमी ऐकायला मिळतं.

जायचं कुठं? सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंत, त्यांची टीम अंगणवाडीत पोरं तपासायला वर्षातून दोनदा येते. पण टीमची वाट बघत बसू नका, आशाताईला सांगा, पीएचसीतून चिठ्ठी घ्या आणि ‘डीईआयसीला पाठवा’ असं स्पष्ट म्हणा. डीईआयसी म्हणजे लहान मुलांसाठीचं जिल्हा पातळीवरचं केंद्र, डॉक्टर, कान-वाचा तपासणारे, फिजिओ सगळे एका जागी असावेत म्हणून काढलेलं. जास्त खोलात जायचं झालं तर म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्था आपल्याच कर्नाटकात आहे, देशात नावाजलेली. ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) विषय निघाला तर घाबरून घरी परत येऊ नका. नेमकं निदान व्हायला वेळ लागतो, थेरपी त्याआधीही सुरू करता येते.

तोवर घरी एक करा. चिरमुरे झाकण घट्ट लावलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा, त्याला दिसतील पण काढता येणार नाहीत असे. तो डबा घेऊन तुमच्याकडं येईल. लगेच उघडू नका, त्याच्या उंचीला बसा, तोंडाकडं बघा, ‘उघड’ म्हणा आणि मनात पाच मोजा. नुसता ‘उ’ आला, हात पुढं केला, डोळ्यात बघितलं तरी उघडायचं आणि चारच चिरमुरे द्यायचे, म्हणजे तो परत येईल. ह्या थांबण्यातच सगळं आहे, आपण आया पोरानं मागायच्या आधीच पुढं करतो ना! आणि मोबाईल बंद, दोन वर्षांच्या आत जागतिक आरोग्य संघटनाही स्क्रीन नको म्हणते.

प्रश्न : नातू 10 महिन्यांचा, दोन महिने आधी जन्मला. अजून आधाराशिवाय बसत नाही. वॉकर आणू का? आणि निपाणीहून बेळगावला थेरपीला रोज जाणं जमण्यासारखं नाही.
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : काका, वॉकर आणू नका. त्यानं चाल लवकर येत नाही, उलट पोरं पडून डोकं फुटतं, कॅनडानं तर 2004 मध्ये विक्रीवरच बंदी घातली. आणि नातवाचं वय 10 नाही, 8 महिने धरा, दोन वर्षांपर्यंत असंच आधी जन्मलेले महिने वजा करायचे. काही बाळं नऊ महिन्यांपर्यंत बसायला शिकतात, म्हणून फक्त बसण्यावरून जीव टांगणीला लावू नका. मुठी सतत घट्ट, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळलेले, एकच हात वापरतो, मान अजून डळमळते, ह्यातलं एक जरी दिसलं तरी ह्याच आठवड्यात दाखवा. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याभरात तपासायचे असतात, झाले नसतील तर आता तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या.

रोज जायची गरजच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावी 1969 मध्ये अशीच अडचण होती, गावं लांब लांब, म्हणून शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईबापांना शिकवायचे आणि बाकीचे दिवस घरच्यांनी करायचं. तीच पोर्टेज पद्धत आज आपल्याकडंही वापरतात. तुम्ही थेरपिस्टला सांगा, पंधरा दिवसांतून एकदा येतो, पण माझ्या हातानं करवून घ्या, तुमच्या हातानं नको, आणि सून सोबत असली तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. तेल लावताना, आंघोळीनंतर, जागा असताना पोटावर पालथं, सगळं त्यातच बसवता येतं.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची, चालत नाही. अंगणवाडीत म्हणाले चालायला लागल्यावर आणा.

उत्तर : असं म्हणता येत नाही. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं ह्याचा प्रोटोकॉल केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर 2023 मध्येच काढलाय. सुपरवायझर मॅडमना भेटा, तोंडी नको, अर्ज द्या आणि पोच घ्या. जाताना तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड, न्या, कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी सोबत घ्या. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, पण आत्ताच अर्ज करा, ते देशभर चालतं, उद्या कोल्हापूर-मिरजेला दाखवायची वेळ आली तरी.